‘इथे पार्किंगच नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

गजबजलेल्या कुठल्याही व्यापारी भागात पाच जणांना बोलावून ‘इथली मुख्य अडचण काय?’ असं विचारलं, तर पाचही जण एकच वाक्य म्हणतील: इथे पार्किंगच नाही. पण त्या एका वाक्यात पाच निरनिराळ्या तक्रारी असतात. दुकानदाराला सांगायचं असतं की गिऱ्हाइकाला अर्धा तास गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथेच राहणाऱ्याला सांगायचं असतं की रात्री घरी यावं तर दारात परक्याची गाडी उभी. नोकरदाराला सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत एकाच जागी, जमल्यास फुकट, ठेवायची असते. माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला दहाच मिनिटं हवी असतात, पण कडेला जागा नसल्याने ती त्याला रस्त्याच्या मधोमध काढावी लागतात. बसचा चालक तर पार्किंग मागतच नाही. थांब्याशी बस कडेला घेता यावी, एवढंच त्याचं मागणं असतं.

या पाच जणांना एकाच उपायाने समाधान देता येत नाही. तरीही बैठकीत पहिला ठराव येतो तो बहुमजली वाहनतळ बांधण्याचा. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: बहुतेक गजबजलेल्या भागांत जागांची एकूण संख्या ही मुख्य अडचण नसतेच. दाराजवळच्या थोड्या जागा, गर्दीच्या थोड्या तासांत, ज्यांना त्यांची फारशी गरज नाही अशा गाड्यांनी अडवलेल्या असतात. म्हणून उपाय निवडण्याआधी जागा कोणी, कधी आणि किती वेळ अडवली आहे हे पाहावं लागतं.

आधी वही-पेन्सिल

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. दोन-तीन माणसं वही घेऊन ठरलेल्या रस्त्यांवरून दर तासाला एकच फेरी मारतात आणि प्रत्येक जागेवरच्या गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टिपतात. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा दिवस आणि एक रात्र एवढं केलं की तीन गोष्टी कळतात: कुठल्या वेळी किती जागा भरलेल्या असतात, एक गाडी सरासरी किती वेळ थांबते, आणि एका जागेवर दिवसभरात किती गाड्या येऊन जातात.

मोजताना दोन गोष्टी हमखास सुटतात. एक म्हणजे नियमबाह्य उभ्या गाड्या: फुटपाथवरच्या, दुसऱ्या रांगेतल्या, कोपऱ्यावरच्या. त्या सोडल्या तर खरी मागणी दिसतच नाही. दुसरी म्हणजे कुंपणाआडच्या जागा. कार्यालयांची तळघरं, बँकांची आवारं, चित्रपटगृहांचे वाहनतळ हे सगळं याच भागातलं पार्किंग आहे. फाटकावर कुलूप आहे म्हणून ते हिशेबातून वगळायचं कारण नाही. रस्त्याच्या कडा ठासून भरलेल्या आणि दोनशे पावलांवरचं तळघर अर्धं रिकामं, हे चित्र मोजणीत इतक्यांदा दिसतं की ते दिसलं नाही तरच मला आश्चर्य वाटेल.

आता कागदावर एक हिशेब करू. रस्त्याच्या एका बाजूला २० जागा आहेत आणि बाजार दिवसाला १० तास चालतो. त्यातल्या ८ जागांवर सकाळी आलेल्या गाड्या संध्याकाळीच हलतात. उरलेल्या १२ जागांवर सरासरी तासभर थांबणाऱ्या गाड्या आल्या, तर दिवसात जास्तीत जास्त १२० जणांची सोय होते. त्या ८ गाड्या पाच मिनिटं चालण्याच्या अंतरावर हलवल्या, तर त्याच रस्त्यावर आणखी ८० जणांना जागा मिळते, एक वीटही न रचता. आणि त्या ८ गाड्या कोणाच्या असतात? पुष्कळदा त्याच दुकानांच्या मालकांच्या आणि तिथे काम करणाऱ्यांच्या.

हे दुखणं नवं नाही. जगातलं पहिलं पार्किंग मीटर १९३५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं, तेही याच कारणासाठी. शहराच्या मध्यभागी काम करणारे लोक सकाळी येऊन दुकानांसमोरच्या जागा दिवसभर अडवत आणि गिऱ्हाईक परत जाई. कार्ल मॅगी नावाच्या वृत्तपत्र संपादकाने त्यावर नाणं टाकायच्या यंत्राची कल्पना काढली. म्हणजे मीटरचा जन्म मुळात जागा हलती ठेवण्यासाठी झाला. पैसा गोळा करणं हा त्याचा जोडधंदा होता. पुढे अनेक शहरांनी ही गोष्ट उलटी करून टाकली, आणि लोकांचा मीटरवरचा राग बराचसा तिथून आला.

मोजणीच्या जोडीला एक प्रश्नावली जरूर घ्यावी: ‘तुम्ही इथे कसे आलात?’ दुकानदारांना गाडीने येणारं गिऱ्हाईक जास्त दिसतं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलमध्ये २००६ साली केलेल्या पाहणीत दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाइकं गाडीने येतात. प्रत्यक्षात २२ टक्के येत होती. पार्किंगबद्दलच्या निर्णयात सर्वांत मोठा आवाज दुकानदारांचा असतो, त्यामुळे त्यांचा हा अंदाज तपासून घेतलेला बरा.

फेऱ्या मारणारी गर्दी

जागा शोधत हळूहळू फिरणारी गाडी आणि कुठेतरी जायला निघालेली गाडी बाहेरून सारखीच दिसते. म्हणून ही गर्दी ‘वाहतुकीची कोंडी’ या नावाखाली लपते. वरच्याच २० जागांच्या रस्त्यावर दिवसात २०० गाड्या येऊन जातात असं धरू. प्रत्येकाने जागा शोधायला तीन मिनिटं घेतली आणि ताशी १२ किलोमीटरच्या वेगाने फेऱ्या मारल्या, तर एका गाडीचं ६०० मीटर अंतर वाढलं. २०० गाड्यांचं झालं १२० किलोमीटर, रोज, एका रस्त्याच्या एका बाजूपायी. या १२० किलोमीटरमधून कोणी कुठेही पोचत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी १९२७ ते २००१ या काळातल्या अशा पाहण्या गोळा केल्या होत्या. त्यांची सरासरी निघाली: रस्त्यावरच्या ३० टक्के गाड्या जागा शोधत होत्या आणि त्यासाठी प्रत्येकी सुमारे आठ मिनिटं जात होती. हा ३० टक्क्यांचा आकडा कुठेही ठोकून दिला जातो, आणि ते चूक आहे. जिथे ही अडचण असणार असं आधीच वाटत होतं, तिथेच त्या पाहण्या झाल्या होत्या, हे शूप यांनी स्वतःच सांगितलं होतं. आपल्या भागाचा आकडा आपणच काढायचा.

लोक फेऱ्या का मारतात, याचं उत्तर मात्र सगळीकडे एकच निघतं. दाराशी असलेली रस्त्याकडेची जागा फुकट किंवा अगदी स्वस्त असते, आणि दूरच्या इमारतीतली, जिना चढून यायची जागा तासाला पैसे घेते. चांगला माल फुकट आणि दुय्यम माल विकत असेल, तर फुकट मालापुढे रांग लागणारच. पार्किंगमधली ही रांग चाकांवर फिरते, एवढाच फरक. हा भाव सरळ करणं, म्हणजे दाराशी सर्वांत महाग, इमारतीत त्याहून स्वस्त, कडेच्या गल्ल्यांत आणखी स्वस्त, हा माझ्या मते अशा भागासाठीचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. आणि लोकांच्या गळी उतरवायला सर्वांत अवघडही.

दर कसा ठरवायचा

इथे बहुतेक ठिकाणी गाडी रुळावरून घसरते. दर किती ठेवायचा यावर सभागृहात भांडण होतं, मग मधला कुठला तरी आकडा ठरतो आणि पुढची दहा वर्षं तो बदलत नाही. सकाळी आठला रिकाम्या रस्त्यावर तोच दर आणि संध्याकाळी सातला गच्च रस्त्यावरही तोच.

यावर अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९५४ सालीच वेगळा विचार मांडला होता. रस्त्यावर जागा मुबलक असेल तेव्हा दर शून्य असावा, जागा संपत आली की तो वाढत जावा, अशी ती कल्पना. (याच विक्रींना पुढे १९९६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मीटरसाठी नव्हे, पण मिळालं.) त्या काळच्या यंत्रांना हे काम झेपणं कठीण होतं. शूप यांनी नंतर त्याचा सोपा नियम केला: प्रत्येक रस्त्यावर कुठल्याही वेळी एक-दोन जागा रिकाम्या राहतील, असा सर्वांत कमी दर शोधायचा. आकड्यांत सांगायचं तर ८५ टक्क्यांच्या आसपास भराव, म्हणजे शंभरातल्या साधारण ८५ जागा भरलेल्या. सात-आठ जागांमागे एक रिकामी असली की येणाऱ्याला ती लगेच दिसते आणि फेऱ्या थांबतात. भराव शंभरावर गेला की फेऱ्या सुरू, आणि निम्म्यावर आला तर दर उगाच जास्त आहे, गिऱ्हाईक पळतंय.

या पद्धतीचं बळ असं की वाद आकड्यावरून हटून उद्दिष्टावर येतो. ‘तासाला किती?’ यावर मतदान घ्यायची गरज उरत नाही. ‘एक-दोन जागा रिकाम्या असाव्यात का?’ याला कोणी नाही म्हणत नाही. मग काही आठवड्यांच्या अंतराने भराव मोजायचा आणि दर थोडा वर-खाली करायचा.

सॅन फ्रान्सिस्कोने २०११ ते २०१३ मध्ये हे मीटर बसवलेल्या सुमारे ७,००० जागांवर करून पाहिलं. रस्ता, दिवसाची वेळ आणि वार यांनुसार दर वेगळे ठेवले. भराव ६० ते ८० टक्क्यांत आणण्याचं ध्येय होतं. दर एका वेळी थोडाच बदले आणि आधी जाहीर होई. जागा शोधायला लागणारा वेळ प्रयोगाच्या भागांत ४३ टक्क्यांनी घटला. तुलनेसाठी जिथे काही केलं नव्हतं तिथे १३ टक्क्यांनी. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे मीटरचा सरासरी दर या काळात ४ टक्क्यांनी उतरला. गर्दीच्या मोजक्या रस्त्यांवर तो चढला, पण बाकी ठिकाणी तो आधीच गरजेपेक्षा जास्त होता. दरवाढीची भीती दाखवून असा प्रयोग हाणून पाडणाऱ्यांना हा एवढा एक आकडा सांगावा.

मग ‘जास्तीत जास्त दोन तास’ ही वेळमर्यादा कशाला हवी? मला ती दुय्यम वाटते. दातांच्या डॉक्टरकडे अडीच तास बसलेल्याला ती शिक्षा करते, आणि दर दोन तासांनी खाली येऊन गाडी दोन जागा पुढे सरकवणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र सोडून देते. दर योग्य असेल तर दिवसभर थांबणारा आपणहून दूर जातो. तरी दर लावणं सध्या शक्यच नसेल, तर काहीच नसण्यापेक्षा वेळमर्यादा बरी. एक अपवाद ठाम ठेवावा: माल उतरवण्याच्या जागा. तिथे पंधरा-वीस मिनिटांची सक्त मर्यादाच हवी. त्या जागा दर लांबलचक रस्त्यामागे किमान एक, शक्यतो चौकाच्या कोपऱ्याशी असाव्यात. दुसऱ्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर कारवाईचा बडगा उगारण्याआधी त्यांना पहिल्या रांगेत जागा ठेवली आहे का, हे पाहणं न्यायाचं आहे.

‘म्हणजे पैसेवाल्यांनाच जागा’ हा आक्षेप येतोच, आणि तो हलक्यात घेऊ नये. त्याचं अर्धं उत्तर असं की फुकट जागेची किंमत आजही कोणीतरी भरतंच: फेऱ्यांच्या कोंडीत अडकलेल्या बसमधला प्रवासी वेळ देऊन, आणि गाडी नसलेला गिऱ्हाईक दुकानाच्या चढ्या भाड्यातून. उरलेलं अर्धं मात्र खरं आहे. पहाटे किंवा रात्री उशिरा, बस नसताना कामावर येणाऱ्या सफाई कामगाराला किंवा स्वयंपाकघरातल्या माणसाला गाडीवाचून पर्याय नसतो. त्यांच्यासाठी भागाच्या कडेच्या वाहनतळात सवलतीचा मासिक पास हा खर्चाच्या मानाने किरकोळ उपाय आहे. तो पहिल्या दिवसापासून हवा, आंदोलन झाल्यावर नव्हे.

रहिवासी आणि त्यांचे परवाने

राहणाऱ्यांना परवाने द्यायचे हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एखाद्या गल्लीत जागा ६० आणि परवाने १५० असं होतं. असा परवाना जागा देत नाही. जागा शोधत हिंडण्याचा अधिकार देतो. परवाने द्यायचेच असतील तर ते जागांच्या संख्येशी बांधलेले हवेत, परवान्याचा भाग लहान हवा (मोठा ठेवला की लोक परवान्याच्या जोरावर घराजवळच्या बाजारातही गाडीनेच जातात), आणि घरातल्या दुसऱ्या गाडीचा दर पहिल्यापेक्षा बराच चढा हवा. दिवसा रहिवासी कामावर गेल्यावर त्यांच्या गल्लीतल्या रिकाम्या जागा पाहुण्यांना पैसे घेऊन देता येतात, आणि ते पैसे त्याच गल्लीवर खर्च करता येतात.

या प्रश्नाला मुळातून हात घातला तो जपानने. तिथे १९६२ च्या कायद्यानुसार गाडी नावावर करून घेताना ती ठेवायला रस्त्याबाहेर, घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा पुरावा द्यावा लागतो. रात्रभर रस्त्यावर गाडी उभी करायला तिथे मनाई आहे. घरोघरी गाड्या येण्यापूर्वी केलेला कायदा म्हणून तो टिकला. आज घरोघर गाड्या असलेल्या शहरात तो एका रात्रीत आणता येणार नाही. पण नव्या परवान्यांपासून, टप्प्याटप्प्याने, त्या दिशेला जाता येतं.

दंड: लहान पण हमखास

नियम कितीही हुशारीने केले आणि ते मोडणारा दहातून एकदाही सापडत नसेल, तर सगळा कारभार सरळ माणसावर चालतो. जबर दंडापेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त काम करते. शंभरातून एकदा बसणारा मोठा दंड लोकांना लॉटरी लागल्यासारखा वाटतो, तोही उलट्या नशिबाची. त्यातून वागणूक बदलत नाही, फक्त चीड वाढते. पाहुण्याला पहिल्यांदा सौम्य दंड किंवा इशारा आणि पुन्हापुन्हा मोडणाऱ्याला वाढता दंड ही पद्धत लोकांना पटतेही. टोइंग राखून ठेवावं ते खरोखर वाट अडवणाऱ्या गाडीसाठी: बसथांबा, अग्निशमनाची वाट, झेब्रा क्रॉसिंग. उचललेल्या प्रत्येक गाडीमागे ठेकेदाराला पैसे मिळत असतील, तर तो उचलायला सोप्या गाड्या आधी उचलणार. तेव्हा करार करताना मोबदला गाड्यांच्या संख्येशी बांधू नये.

ॲम्स्टरडॅमसारख्या शहरात क्रमांकपट्ट्या वाचणारे कॅमेरे लावलेल्या गाड्या फिरतात आणि पैसे न भरलेली गाडी शोधतात. तंत्रज्ञानातला एवढा भाग खरा उपयोगी. जमिनीत बसवायच्या सेन्सरबद्दल मी सावध राहीन: सॅन फ्रान्सिस्कोने ते प्रयोगानंतर बंद केले आणि मीटरवर भरलेल्या पैशांवरून भरावाचा अंदाज काढायला सुरुवात केली. ॲप, फलक, रिकाम्या जागांचे दिवे हे सगळं चांगलंच आहे, पण भाव उलटा असेल तर रिकाम्या तळघराकडे बोट दाखवणारा फलक वाचूनही लोक रस्त्यावरच फिरतात.

वाहनतळ बांधावा का?

एका मोटारीला उभं राहायला साधारण अडीच गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. पण तिला तिथवर जायला मार्ग लागतो, वळायला जागा लागते, मजल्यांमध्ये उतार लागतो. सगळं धरून बंदिस्त वाहनतळात एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. २०० गाड्यांसाठी ५,००० ते ६,००० चौरस मीटर बांधकाम झालं. आता मघाचा २० जागांचा रस्ता आठवा. तिथे ८ जागा दिवसभराच्या गाड्यांनी अडवल्या होत्या. रस्त्याच्या अशा २५ बाजू सुधारल्या की २०० जागा मोकळ्या होतात, दुकानांच्या दारातच. बांधलेला वाहनतळ महाग असतो, तयार व्हायला वर्षं लागतात, आणि अंदाज चुकला तर तो मोडून परत मूळपदावर येता येत नाही. दर चुकला तर पुढच्या महिन्यात बदलता येतो. उलटवता येणारे उपाय आधी, न उलटवता येणारे शेवटी, असा क्रम लावायचा तो याच कारणासाठी.

त्याआधी एक पायरी आहे, ती म्हणजे असलेल्या जागा वाटून घेणं. कार्यालयाचं तळघर संध्याकाळी रिकामं होतं आणि नाट्यगृहाला जागा संध्याकाळीच लागते. हे जुळवायला विटा लागत नाहीत, करार लागतो: फाटक कोण उघडणार, विमा कोणाचा, सकाळी आठला गाडी हलली नाही तर काय. कामं कंटाळवाणी आहेत, पण महिन्याभरात होण्यासारखी आहेत. अडचण पुष्कळदा जुन्या बांधकाम नियमांची असते. ‘ही जागा फक्त या इमारतीच्या वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं, आणि ते बदलावं लागतं.

नियमांचाच विषय निघाला म्हणून: प्रत्येक नव्या इमारतीने किमान अमुक इतकं पार्किंग द्यावं, हा नियम जगभर पसरला आणि आता तो मागे घेतला जातोय. त्याने प्रत्येक मजल्याच्या किमतीत पार्किंग मिसळलं, गाडी नसलेल्याच्याही. लंडनने २००४ मध्ये किमान मर्यादा काढून कमाल मर्यादा आणली. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये तेच केलं. झ्युरिचने १९९६ च्या एका तडजोडीत मध्यभागातल्या जागांची संख्या १९९० च्या पातळीवर गोठवली. नवा बंदिस्त वाहनतळ बांधला तर तितक्या जागा रस्त्यावरून काढायच्या, आणि मोकळ्या झालेल्या कडा चालणाऱ्यांना द्यायच्या. वाहनतळ बांधायचाच असेल तर ही अट मला शहाणपणाची वाटते. नाहीतर रस्ताही भरलेला राहतो आणि इमारतही.

पैसा कुठे जातो

दर लावायला विरोध करणारा दुकानदार एका गोष्टीने बदलतो: पैसा त्याच रस्त्यावर दिसला की. कॅलिफोर्नियातल्या जुन्या पासाडीना भागात १९९३ मध्ये मीटर बसवताना दुकानदारांचा विरोध होता. मीटरचं उत्पन्न याच भागात खर्च होईल असं ठरल्यावर ते तयार झाले. त्यातून फुटपाथ, दिवे, झाडं, गल्ल्यांची दुरुस्ती झाली. उत्पन्न शहराच्या सामायिक खात्यात गेलं असतं तर तो मीटर त्यांच्यासाठी नुसता कर राहिला असता.

उलट बाजूचं उदाहरण शिकागोचं. २००८ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या नगर परिषदेने शहरातली सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला दिली आणि बदल्यात १ अब्ज १५ कोटी डॉलर एकरकमी घेतले. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी ही किंमत फार कमी असल्याचा अहवाल दिला. पण माझ्या दृष्टीने खरा तोटा किमतीचा नाही. मिरवणुकीसाठी, दुरुस्तीसाठी किंवा सायकलमार्गासाठी मीटर असलेली जागा काढायची तर शहराला त्या कंपनीला भरपाई द्यावी लागते. रस्त्याची कड कशी वापरायची हे ठरवण्याचा हक्कच तीन पिढ्यांसाठी गहाण पडला. वसुलीचं काम ठेक्याने द्यायला हरकत नाही. दर आणि जागांची संख्या ठरवण्याचा अधिकार मात्र करारात कुठेही सोडू नये.

गाडी आणावीच लागू नये यासाठीचे उपायही याच हिशेबात येतात. कॅलिफोर्नियात १९९२ च्या कायद्याने काही मालकांना सांगितलं, की कर्मचाऱ्याला फुकट पार्किंग देता तर ते न घेणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्या. अशा आठ कंपन्यांच्या अभ्यासात एकट्याने गाडीत येणाऱ्यांचं प्रमाण ७६ वरून ६३ टक्क्यांवर आलं. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमने २०१२ पासून ११ किंवा अधिक जागा बाळगणाऱ्या मालकांवर आकार बसवला आणि तो पैसा ट्रामसारख्या सार्वजनिक वाहतुकीत घातला. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या हेच ज्या भागाचं निदान आहे, तिथे असे उपाय दरांइतकेच महत्त्वाचे ठरतात. रात्रीच्या खाण्यापिण्याच्या भागात त्यांचा फारसा उपयोग नाही.

म्हणजे निवड अशी उतरत जाते. दिवसभराच्या गाड्यांनी जागा अडवल्या असतील तर दर आणि कर्मचाऱ्यांची दूर सोय. जागा हलत्या आहेत तरी गच्च, पण तळघरं रिकामी, तर भाव सरळ करणं आणि वाटून घेणं. दुसऱ्या रांगेची कोंडी असेल तर आधी माल उतरवण्याच्या जागा, मग दंड. रात्रीची मारामारी असेल तर परवान्यांची मर्यादा. आणि रस्ता, तळघरं, कडेच्या गल्ल्या सगळंच योग्य दर लावूनही दिवसभर भरलेलं असेल, तर बांधकामाचा किंवा जास्त बसगाड्यांचा विचार. दोन्हींपैकी कशात एका रुपयामागे जास्त माणसं येतात, हे तेव्हा मोजून ठरवावं.

यातलं काहीही केलं तरी गाड्यांचा लोट हद्दीपलीकडच्या पहिल्या फुकट गल्लीत सरकतो, आणि आधी समाधानी असलेले तिथले लोक महिन्याभरात मोर्चा घेऊन येतात. म्हणून पहिल्या मोजणीतच हद्दीबाहेरच्या दोन-तीन गल्ल्या धराव्यात, आणि तिथला भराव अमुक टक्क्यांवर गेला की तिथल्या रहिवाशांच्या मागणीनुसार तोच नियम तिथेही लागू होईल, हे योजना जाहीर करतानाच लिहून द्यावं. नंतर ‘पूर्वी इथे एवढ्या गाड्या नव्हत्या’ हा वाद निघतो तेव्हा दोन्ही बाजूंसमोर ठेवायला त्या वहीतले आकडे असतात.